अव्वाचे उपास आणि बहिरी पिल्लं

मी आष्टा सोडलं त्या सकाळी आप्पा मोटारीपर्यंत आले नाहीत. हळद शिजवायच्या कायलीजवळ ते उभेच राहिले. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "कालेज केलंस, लय झालं. आता विलायतेला जाऊन जीव मारायचं शिकनार?"

आम्ही जैन. कोठारातला उंदीरसुद्धा पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडं सोडून यायचा, हे आमच्या घरचं वळण. आणि मला शिष्यवृत्ती मिळाली होती ती उंदरांवरच्या प्रयोगांसाठी.

मोटारीपाशी आई आली. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. तिच्याबरोबर माझी धाकटी बहीण पद्मा होती. मोटारीचा भोंगा वाजला तरी पद्मा वाटेतच उभी राहिली. अव्वानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. पद्मा जन्मापासून बहिरी.

हे वाचणाऱ्या भावंडांनो, तुमच्यातल्या गावी राहिलेल्यांना ठाऊक आहे गल्लीत काय बोललं जायचं ते. पोरगी बहिरी झाली ते अव्वाच्या मागल्या जन्मीच्या पापानं. आप्पा स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, पण म्हणणाऱ्याला त्यांनी कधी गप्पही केलं नाही. पाप फिटावं म्हणून अव्वा दर अष्टमीला, दर चतुर्दशीला कडक उपास करायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, इतकी ती वाळली होती.

इंग्लंडमधल्या त्या शहरात महायुद्धात पडलेल्या घरांचे ढिगारे अजून तसेच होते. कंदमुळं वर्ज्य म्हणून जिभेवर बटाटा कधी न ठेवलेली मी तिथं बटाट्यावर जगले. तुमच्यातल्या परमुलखात गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम असं होतं: नर उंदरांना एक्स-रे द्यायचे, मग त्यांच्या पिल्लांच्या आणि नातवंडांच्या पिढ्या तपासायच्या. किरणांनी एखादा जीन बिघडतो. पिल्लात काय बिघडलं ते नीट पाहिलं, की तो जीन धड असताना काय करत होता ते कळतं. आणि नीट पाहायचं म्हणजे पिल्लू मारावं लागतं. पहिलं पिल्लू मारताना मी मनात णमोकार मंत्र म्हटला. अजूनही म्हणते. म्हटल्यानं ओझं कमी होत नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

एकदा एका विणीतली काही पिल्लं गरागरा फिरू लागली. मी पिंजऱ्याजवळ टाळी वाजवली. बाकीची दचकली, या पिल्लांचे कानही हलले नाहीत. कानाच्या आतला भागच नीट घडला नव्हता. त्यांच्या आईबापांना मात्र उत्तम ऐकू येत होतं. आम्ही पुन्हा पुन्हा जोड्या लावून पाहिल्या. दोष एकाच बाजूनं आला तर पिल्लू धडधाकट. आई आणि बाप दोघांकडून आला तरच बहिरं. मला अव्वाच्या बांगड्या दिसायला लागल्या.

काही वर्षांनी मी सुट्टीवर घरी आले. आप्पांनी मला ओसरीवरच थांबवलं. "ज्या हातांनी जीव मारलं, ते हात चुलीपाशी चालायचं न्हाईत."

त्या दिवशी चतुर्दशी होती. अव्वा आत उपाशी होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी बोलले.

"आप्पा, पद्मीचं बहिरेपण पाप न्हाई. आमच्या उंदरांत तसंच झालं. आई बरी, बाप बरा, पिल्लू बहिरं. निम्मा दोष आईकडनं, निम्मा बापाकडनं."

"म्हंजी माझ्याकडनं बी?"

"व्हय. अव्वा तुमच्या मामाची लेक. एकाच घराण्यातनं दोघांना बी आलं असंल."

"मानसाचं बघितलंयस तू?"

"न्हाई, उंदराचं बघितलंय. पण मानसांच्या घराण्यांत बी असंच चालतंय, असं जाणकार लिवत्यात. पाप मातुर आजवर कुनाच्या भिंगाखाली दिसल्यालं न्हाई."

"एवढं सांगाय उंदरं मारलीस?"

"मारली. अजून बी मारीन."

आप्पा रानाकडं निघून गेले. आता अव्वा मला रागावणार, असं वाटलं. ती बाहेर आली ती ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन. पद्माला तिनं हातानं धरून माझ्या शेजारी बसवलं, स्वतःही बसली, आणि पहिला घास तिनंच घेतला.

"उपास?" मी विचारलं.

"सोडला," ती चावता चावता म्हणाली. "लय वर्सांची भूक हाय."

आता माझं बिऱ्हाड परमुलखात आहे. खोलीला उंदरांचा वास येतो, आणि मला तो आवडतो. लोक विचारतात, तुझं घर कुठलं? मी आष्टाच सांगते. आप्पांनी मला अजून चुलीपाशी घेतलेलं नाही. न घेवोत. ओसरीही त्या घराचीच आहे, आणि तिथनं आत सगळं ऐकू जातं. मी येत राहणार, आणि बोलत राहणार.