फाटक पडलं का थांबाचं

आमच्या करडी गावातून समुद्रावर जाऊन दीड महिना राहून आलेली बाई एकच. कौशल्या, माझी लहानी जाऊ. अन् ती परत आल्यावर तिले आळशी म्हणणारी पहिली बाई मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या तोंडून तिचं कौतुक ऐकून कोणी मले भली समजू नये. मी रंभा. घरातली मोठी सून अन् तोंडाची तिखट. आमचे हे म्हणत, आपल्या घरी मिरची विकत आणाची गरज नाही.

कौशल्याचा नवरा तेजराम, माझा दीर, रेल्वेत गेटमन. भंडारा रोडच्या पुढं एका फाटकावर त्याची नोकरी. तिथली कोठडी एवढीशी का खाट टाकली तर चुलीले जागा उरत नव्हती. म्हणून तो तिकडं अन् कौशल्या आमच्यात. पंधरा दिवसांतून एकदा तो नदी ओलांडून घरी ये.

कौशल्या भल्ली झपाट्याची होती. धानाच्या रोवणीत बाया बांधीत, पाणी भरलेल्या वावरात, रांगेनं वाकतात अन् पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, रोवत रोवत मागं सरकतात. त्या रांगेत तिचे पाय सगळ्यांच्या आधी धुऱ्याले, बांधीच्या काठाले, लागत. मंग ती धुऱ्यावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून म्हणे, "या वो बायांनो, पाट मांडून ठेवू का?" ती लग्न होऊन येण्याच्या आधी पाच वर्षं पहिला नंबर माझा होता. ती आली अन् मी दुसरी झाली. हेही सांगून टाकतो, कारण ते माझ्या मनात होतं.

आमच्या रोवणीत एक खेळ चाले. रांगेत जी मागं राहिली तिले कोंडाचं. तिच्या दोन्ही अंगच्या बाया हात लांबवून तिच्या पाठीमागची जागा रोवून टाकत, का चारही बाजूंनी रोवलेला धान अन् मधात ती एकटी. रोवलेल्यावर पाय द्याचा नाही, ते आमच्यात पाप. आपला तुकडा भरून काढला का जिनं कोंडलं ती चार रोपं उपटे, वाट दे, अन् ती बाहेर आली का पुन्हा रोवून टाके. कमरेचा दुखवा विसराले तेवढंच हसणं. कौशल्यानं मले दोनदा कोंडलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या फागुनात ती तळ्याच्या पाळीवर घागर घेऊन येता येता खाली बसली. ओठ जांभळे पडले होते. पाय तर आधीपासून सुजत होते, पण पाय कोणाचे सुजत नाहीत? तेजरामनं तिले नागपूरच्या मोठ्या डॉक्टरले दाखवलं. लहानपणी तिले सांध्यांचा ताप आला होता, त्यातच काळजाची झडप खराब झाली म्हणे. आता कापाकापी करण्याची वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणाला, "हळू चालेल तर चालेल. घाई केली का संपली."

तेजरामनं घरी सांगितलं, अशक्तपणा आहे. काहून, तर आमची सासू, चंद्रभागाबाई. कौशल्याले आठ वर्षं झाली तरी पोर नव्हतं अन् सासू दुसरी बायको कर म्हणून त्याच्या मागं लागली होती. काळजाचं ऐकलं असतं तर तिनं कौशल्याचं गाठोडं बांधून दुसऱ्याच दिवशी साकोलीची बस दाखवली असती. तिचं माहेर तिकडंच.

घरात राहून ही बाई बसणार नाही, हे तेजरामले समजत होतं. सासू उभी असताना सून बसत नाही, अन् आमची सासू दिवसभर उभीच. तर त्यानं साचलेली सगळी रजा मागितली, रेल्वेचा पास काढला. त्याच्यासंगं ड्यूटी करणाऱ्या एका उडिया माणसाची बहीण पुरीले समुद्राच्या काठी राहात होती, तिच्या घरी एक खोली ठरवली. सासूले सांगितलं का जगन्नाथाले नेतो, चार धामांतलं धाम आहे. सासूनं स्वतः चिवडा करून बांधून दिला. "नवस बोल वो, नातू माग," म्हणाली. मले मात्र आग लागली होती. चैत्र-वैशाखात घरात कामं काय कमी असतात? मोहफूल वेचा, शेणखत टाका, छपराची कवेलू फेरा. सगळं माझ्या डोक्यावर टाकून राणीसाहेब धाम कराले चालल्या.

तिथलं मले तिनंच सांगितलं, थोडं थोडं, तळ्यावर धुणं धुता धुता.

पहिले आठ दिवस तिले बसताच येईना. सकाळी उठून त्या उडिया बाईचं अंगण झाडे. ते झालं का दारापुढची वाळू झाडे. वाळू झाडून झाडून काय होणार, खाली आणखी वाळूच. त्या बाईनं हातातला खराटा हिसकून घेतला तर ही चोरून तिचं पाणी भराले गेली अन् विहिरीवरच दम लागून पडली. तेजरामनं उचलून आणलं. तो रागावला नाही. संध्याकाळी तिले समुद्रापुढं घेऊन गेला अन् म्हणाला, "हे पाह, माझं फाटक पडलं का बैलगाडीवाला काय करते?"

"थांबते," ही म्हणाली.

"शिव्या देते, बिडी पेटवते, पण थांबते. मालगाडी पन्नास डब्यांची असो का शंभर. आता तुझं फाटक पडलं आहे असं समज. दम लागला का फाटक पडलं. पडलं का थांबाचं. उघडलं का जायचं."

तर असं ती थांबाले शिकली. शंभर पावलं चाले, उभी राहे. लाटा मोजे, तेजराम फाटकावर डबे मोजते तशा. तिचं म्हणणं, पहिल्यांदा मोजणं चुकलं तर तिले वाईट वाटे, मंग महिनाभरानं मोजणंच सुटलं. नुसती पाहात बसे. जेवण झाल्यावर पुन्हा पाहात बसे. पायाची सूज उतरली. रात्री सपाट झोपता येऊ लागलं. "बाई, एवढं पाणी," मले म्हणाली, "अन् धानाच्या एका बांधीच्या कामाचं नाही. ते काहीच करत नाही, तरी त्याले कोणी बोलत नाही." असं म्हणून ती हसली. मले नाही हसू आलं. मी तेव्हा तिच्या वाटणीचं लुगडं आपटून राहिली होती.

मृगाच्या आधी ती परत आली. अंग भरलेलं, चेहरा उजळलेला. गावातल्या बायांसाठी पिशवीभर शिंपा आणल्या होत्या, कच्चे आंबे सोलाले. सासूले प्रसादाचा सुका भात दिला. सासूनं पहिले तिच्या पोटाकडं पाहिलं, मंग भात कपाळाले लावला.

अन् मंग तिचं थांबणं सुरू झालं. झाडता झाडता मधातच थांबे, भिंतीले टेकून बसे. सासू समोर उभी असली तरी बसे. कोणी पाहिलं का गोड हसून म्हणे, "फाटक पडलं." आठ दिवसांत सगळ्या गल्लीत ते झालं. बाया पाण्याले जाता जाता विचारत, "काय वो, फाटक पडलं का उघडं आहे?" विचारणाऱ्यांत पुढं मी. सासूले म्हणत होती, तुमच्या सुनेले धाम नाही पावलं, आराम पावला.

एक दिवस तळ्यावर तिनं मले खरं सांगितलं. आजूबाजूले कोणी नव्हतं. म्हणाली, "रंभाबाई, तुमाले सांगतो, आत्याबाईले सांगू नका. माझं काळीज खराब आहे. डॉक्टर म्हणाला घाई केली का संपली."

मी काय म्हणाव? मी म्हटलं, "बाई, काळीज सगळ्यांचंच खराब आहे. आमी कोणाले सांगत नाही."

पुन्हा तिनं विषय काढला नाही. म्हणजे मले माहीत नव्हतं असं म्हणाची सोय मले नाही. माहीत होतं. मी खरं मानलं नाही, कारण खरं मानलं असतं तर तिचं काम मले जन्मभर कराव लागलं असतं.

त्या साली पाऊस उशिरा आला अन् आला तो सगळ्यांच्या बांध्या एकदमच भरून गेला. पऱ्हे म्हातारे होऊन राहिले होते. माणूस मिळेना. तेजराम ड्यूटीवर जाताना आईले सांगून गेला होता का कौशल्या चिखलात उतरणार नाही, घरचा स्वयंपाक पाहील. तीन दिवस तिनं पाहिला. तिसऱ्या दिवशी सासूनं तिच्या हातचं ताट सरकवून दिलं. म्हणाली, "चिखलातून आलेल्या हाताचं मी खातो. बसलेल्या हाताचं गोड लागत नाही." अन् उपाशी निजली. मी बाजूलाच जेवत होती. सासूले समजावणं माझ्या हातात होतं. मी आणखी भात वाढून घेतला.

चौथ्या दिवशी कौशल्या लुगडं खोचून बांधीत आली. कोणी बोलावलं नव्हतं. मले म्हणाली, "हळूहळू करीन. थांबत थांबत."

तिनं तसंच केलं, ते मले आजही दिसते. एक मूठ रोवे, कमरेवर हात ठेवून उभी राहे. आभाळाकडं पाहे. पुन्हा एक मूठ. तशी ती दिवसभर करत राहिली असती तर काही झालं नसतं. तिचा पट्टा संध्याकाळपर्यंत पुरा झाला असता. पण तिच्या डाव्या अंगाले सुमनबाई होती, शेजारच्या घरची, अन् उजव्या अंगाले मी. बाया गाणं म्हणून राहिल्या होत्या. मी सुमनबाईकडं पाहून डोळा मारला. आठ वर्षांनी माझी पाळी आली होती. आमी दोघींनी हात लांबवले अन् तिच्या पाठीमागची जागा रोवून टाकली. तिले समजलं तेव्हा ती कोंडली गेली होती. चार-पाच हाताचा तुकडा, घोटाभर पाणी, भोवती हिरवं.

बाया हसल्या. तीही हसली. मंग तिनं दोन मुठी रोवल्या अन् थांबली. म्हणाली, "बाई, फाटक पडलं. मले धुऱ्यावर बसाचं आहे. वाट द्या."

"आधी तुकडा भर," मी म्हटलं.

"भरतो. पण आधी बसू द्या. चिखलात बसता येत नाही."

चार रोपं. वाकून चार रोपं उपटाची होती. सुमनबाईनं हात पुढं केला होता, मी तिले डोळ्यानं थांबवलं. म्हटलं, "खेळात सगळ्यांले एकच कायदा. मले कोंडलं होतं तेव्हा मी मागितली होती का वाट? रोव अन् नीघ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. तिले वाटलं असेल का ही बाई नाहीच देणार. अन् पाय द्यावा तर रोवलेल्यावर द्यावा लागते. ते तिनं केलं नाही. ती वाकली अन् तिनं तो तुकडा भरला, पहिल्यासारखा, झपझप, एकदाही न थांबता. सरळ ओळी. बाया ओरडून राहिल्या होत्या, हे पाहा, होती ना वो ताकद. मलेही तेच वाटलं. वाटलं का खोटं पकडलं.

मंग मी वाट दिली. ती धुऱ्यावर आली, बसली, हात पाण्यात बुडवून धुतले. ओठ जांभळे होते. मी म्हटलं, "कौशे, पाणी आणू का?" तिनं मान हलवली नाही. एका अंगाले कलंडली. आमी खाटेवर टाकून गावात नेईपर्यंत ती गेली होती.

तेजराम दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सुमनबाईच्या घरी घटकाभर बसून आला, तिनं त्याले सगळं सांगितलं. सरण विझल्यावर तो तसाच फाटकावर गेला. सासूनं वर्षभरानं दुसरी मुलगी पाहिली, तर त्यानं निरोप पाठवला का मी त्या घरी येत नाही. आला नाही. सासू मेली तेव्हा खांदा दिला अन् घराची पायरी न चढता परत गेला.

तो तुकडा त्या साली बाकीच्यासारखाच पिकला. मी वेगळा कापाव म्हटलं होतं, पण कापणीच्या गडबडीत कोणता होता ते समजलं नाही.

आता छ्याऐंशी साल चालू आहे. माझ्याच कमरेनं हात टेकले आहेत. मागच्या महिन्यात मोठ्या मुलासोबत बैलगाडीत भंडाऱ्याले दवाखान्यात चालली होती. वाटेत तेजरामचं फाटक लागते. नेहमी मी लांबच्या वाटेनं जायले लावतो, त्या दिवशी दुखणं जास्त होतं म्हणून जवळची घेतली. अन् फाटक पडलेलं.

तो हिरवी झेंडी घेऊन कोठडीपुढं उभा होता. केस सगळे पांढरे. त्यानं मले ओळखलं. मालगाडी येऊन राहिली होती. मी गाडीत बसून होती, अन् पहिल्यांदाच मले वाटलं का ही मालगाडी संपूच नये. हा माणूस मले इथंच थांबवून ठेवेल तर बरं. दिवसभर, दुखत असलं तरी. मी डबे मोजाले लागली अन् चुकली.

शेवटचा डबा गेला. धूळही बसली नव्हती, तेवढ्यात त्यानं फाटक उघडलं. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "जा वहिनी. वाट मोकळी आहे."

मले रडू आलं नाही, लाज वाटली. मुलानं बैलाले हाकललं अन् आमी पलीकडं गेलो.