बंदूक खाली हाय

आधी कुमुदकाकूंचं नाव घेतो. बंदुकीचं नंतर.

कुमुदकाकू माझ्या घरमालकीण. हिंगणघाटात प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आता रिटायर आहेत. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही. तरीही पंप-ॲक्शन शॉटगन कशी साफ करायची आणि परत कशी जोडायची, हे चार लोकांसमोर उभं राहून सांगायला मला त्यांनीच शिकवलं. तेही चकलीच्या सोऱ्यावर.

मी मूळचा गुहागरकडचा. नववीत शाळा सुटली. लेथवर हात बसला, पुण्यात काही वर्षं काढली आणि तिथल्या ओळखीनं इथं एका लायसन्सवाल्या बंदुकांच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागलो. समुद्रापासून इतक्या लांब आमच्या घरातलं कुणी कधी राहिलेलं नाही. आई अजून फोनवर विचारते, "तिकडं मासे मिळतात का रे?" मी म्हणतो, "मिळतात, पण ते नदीचे." मग ती लगेच विषय बदलते.

दुकानाचे मालक गोवर्धनसेठ. एका बुधवारी त्यांनी गल्ल्यावरूनच हाक मारली.

"रविवारी क्लास आहे. सिक्युरिटी एजन्सीचे गार्ड येणार. बंदूक साफ करणं, खोलणं, जोडणं. तू घेशील."

"मी?"

"मग काय मी? मला फक्त विकता येतात."

"सेठजी, मला बोलता येत नाही लोकांसमोर."

"बंदूक बोलेल, तू फक्त हात चालव. पण ऐक. एजन्सीचे लोहकरे साहेब स्वतः येऊन बसणार. त्यांना आवडलं तर एजन्सीच्या सगळ्या बंदुका सर्व्हिसिंगला आपल्याकडे. तुझं काम पक्कं. नाही आवडलं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजही नव्हती. दुकानात एका मेकॅनिकला पुरेल इतकंही काम उरलं नव्हतं, ते मला रोज दिसत होतं. आणि 'तुझा हात चांगला आहे रे' असं मला म्हणणारं हे पहिलंच ठिकाण. ते सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. काकूंनी ताट पाहिलं.

"काऊन रे? वांगं तिखट झालं का?"

मी सगळं सांगितलं. काकू हसल्या.

"एवढंच? पोट्टे खाऊन टाकतेत का तुले? शिकवणं म्हंजे काय, आपल्याले जे येते ते हळू बोलाचं. चाल, मले शिकव."

"काकू, दुकानातली बंदूक घरी आणता येत नाही. कायदा आहे."

त्या आत गेल्या आणि पितळेचा सोऱ्या घेऊन आल्या. "हे घे तुही बंदूक. आता मी तुही विद्यार्थीन. इंग्रजी झाडशीन तं उठून जाईन."

खरं सांगतो, सोऱ्या आणि पंप-ॲक्शन यांच्यात फार फरक नाही. बंदुकीला दोन नळ्या असतात, एकावर एक. वरची बॅरल, तिच्यातून गोळी सुटते. खालची जरा आखूड, तिला मॅगझीन ट्यूब म्हणतात. तिच्यात काडतुसं एकामागं एक झोपलेली असतात आणि लांब स्प्रिंग त्यांना मागं ढकलत असते, जसा सोऱ्याचा दांडा पीठ ढकलतो. खालच्या नळीवर हातात धरायची मूठ असते, ती फोर-एंड. ती मागंपुढं केली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं वर चढतं. म्हणून पंप.

"मॅगझीन?" काकू म्हणाल्या. "ते तं पुस्तक असते."

"हे वेगळं."

"मंग विद्यार्थ्याले आधी ते सांग ना! नाई तं तो पुस्तक शोधत बसन."

अशी रोज संध्याकाळी शिकवणी चालली. शुक्रवारी मी ऐटीत सुरुवात केली, "सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची. ही रिकामी आहे. आता कॅप फिरवून..."

"थांब. पाह्यलं का तू?"

"काय?"

"रिकामी हाय ते."

मी सोऱ्या उलटा केला. आतून शेंगदाणा पडला. काकूंनीच टाकून ठेवला होता.

"पाह्यजो, बोट लावजो, मंग बोलजो," काकू म्हणाल्या. पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं ते माझ्याकडून म्हणवून घेतलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. मी नवा होतो तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं होतं, "साखरेचा डबा खाली हाय." मी वाकून ओट्याखाली शोधू लागलो. डबा तर वर, समोर फळीवर. काकू बाहेर आल्या, "काऊन रे, तिथी काय पाहून राह्यला?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, डबा खाली आहे." त्या हसता हसता पाटावर बसल्या. "अरे बाबू, खाली हाय म्हंजे रिकामा हाय!" आमच्याकडे खाली म्हणजे खाली. रिकामं ते रिकामं. इथं हिंदीच्या शेजारानं शब्द बदललाय. नंतर मला सवय झाली. पण घाबरलो की माझं मराठी एकटंच गुहागरला परत जातं.

रविवार उजाडला. दुकान बंद, मागच्या वर्कशॉपात लांब टेबल. गार्ड आपापल्या बंदुका घेऊन आले. काडतुसं बाहेर काउंटरवर काढून ठेवायची, हा नियम सेठजींनी दारातच सांगितला होता. कोपऱ्यात वाळूची पेटी. कुठल्याही बंदुकीचं तोंड तिकडंच. लोहकरे साहेब भिंतीशी खुर्चीवर ताठ बसले. ते फौजेतून निवृत्त झालेले. मिशी पाहून मी टेबलावरच्या चिंध्या उगाच परत घडी करू लागलो.

सुरुवात वासुदेवभाऊंनी केली. वयानं सगळ्यांत मोठे, एका जिनिंगच्या गेटवर ड्युटी. आधी त्यांच्याकडे जुनी दुनळी होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी.

"भाऊ, पहिले एक सांगा. या बंदुकीले घोडाच नाई! माह्या जुनीले दोन घोडे होते, मस्त दिसत होते."

घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा. दुनळीला तो बाहेर असतो. मी तोंड उघडायच्या आत सेठजी दारातून म्हणाले, "घोडा आहे वासुदेवभाऊ, तबेल्यात बांधलाय. आत!"

सगळे हसले. साहेबांची मिशीही हलली. मला जरा श्वास आला. मी म्हटलं, "वासुदेवभाऊ, तुमचीच बंदूक घेऊ या."

त्यांनी ती पुढं केली. साहेबांनी फौजी आवाजात विचारलं, "हथियार खाली?"

"खाली हाय साहेब! मी सोता पंप मारून पाह्यला, काहीच पडून नाई राह्यलं."

आणि माझ्या डोक्यानं दगा दिला. की साथ दिली, ते तुम्ही ठरवा. मला ऐकू आलं, 'खाली आहे.' खाली काय आहे? मी बंदुकीचं तोंड वाळूकडं केलं, फोर-एंड मागं ओढली आणि वाकून खालून पाहू लागलो.

"खालून काय पाहता भाऊ?" वासुदेवभाऊ म्हणाले. "खाली हाय म्हटलं ना!"

"हो, तेच बघतोय. खाली कुठं?"

टेबलाभोवती हशा पिकला. एक जण म्हणाला, "मास्तर कोकणातले हायेत, त्याइले समजावून सांगा." माझे कान तापले. चूक कळली होती. पण वाकलोच होतो, आणि वाकल्यावर काकूंचा पाढा आठवला. पाहिलं होतं, बोट लावायचं राहिलं होतं. खालच्या खिडकीतून, जिथून काडतुसं भरतात तिथून, बोट मॅगझीन ट्यूबमध्ये घातलं.

नळी रिकामी असली की बोटाला तोंडाशीच एक टोपी लागते. तिला फॉलोअर म्हणतात, ती स्प्रिंगच्या टोकावर बसते. टोपी लागली नाही. बोट आणखी आत गेलं आणि काहीतरी गार, गोल लागलं. पितळेची कड.

"साहेब," मी म्हटलं. बोट आतच ठेवलं. "खाली आहे. म्हणजे खाली नाही. खाली काडतूस आहे."

हसणं थांबलं.

साहेब उठले. "सगळे मागं. बाहेर चला." मग माझ्याकडं पाहून हळू म्हणाले, "तू काढशील?"

"काढतो."

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे गोळी सुटायच्या जागी नव्हतं, त्यामुळं लगेच धोका नव्हता. पण क्लासच्या शेवटी जोडून झाल्यावर पंप मारून चाप ओढतात, टक् वाजतं की नाही बघायला. मधल्या ठोकाठोकीत ते काडतूस सुटून वर चढलं असतं, तर टक् वाजलं नसतं. धाड वाजलं असतं. बंद खोलीत, इतक्या माणसांत.

फोर-एंड मागंच ठेवली. नळीच्या टोकाची कॅप, म्हणजे झाकण, फिरवली, बॅरल काढून बाजूला ठेवली. तळहात नळीच्या तोंडावर दाबून स्प्रिंग हळूहळू बाहेर घेतली. मग तोंड वाळूकडं झुकवून नळी हलकेच हलवली. आधी टोपी आली. मग घसटत, नाराज झाल्यासारखं लाल काडतूस माझ्या हातात आलं. त्याला सगळीकडून पांढरी दाढी आलेली.

रुई!

तेच तर सगळं कारण. हिंगणघाटात कापूस हवेतच असतो, जिनिंगच्या गेटवर तर विचारू नका. आणि जिथं रुई पायात येते तिथं माणूस चिंधी कशाला शोधेल? वासुदेवभाऊ रोज मनापासून बंदूक पुसायचे, रुईच्या बोळ्यानं. वर तेल सढळ हातानं. तेलात धागे बसले, त्यांचा चिखल झाला आणि त्या चिखलात काडतूस, टोपी, स्प्रिंग सगळं रुतून बसलं. पंप मारला तरी काडतूस मागं येईना. त्यांनी खरंच तपासलं होतं. बंदूक खोटं बोलत होती.

सगळे आत आले. वासुदेवभाऊ त्या काडतुसाकडं बघत राहिले. "मी तं लय साफ ठेवत होतो हो."

"जास्तच साफ ठेवलीत भाऊ," मी म्हटलं. "आमच्याकडे आजोबा ठासणीच्या बंदुकीला खोबरेल लावायचे. ती उडेना, मग रानडुक्कर वास घेऊन जायचा."

ते हसले आणि मग सगळेच. त्यानंतर मला आठवतच नाही की मी घाबरलो होतो. सोऱ्यासारखं एकेक सांगत गेलो. जुन्या सुती धोतराची चिंधी घ्या. धागा सुटेल असं काही नको, रुई तर नकोच. बॅरल मागच्या बाजूनं पुसा, म्हणजे काजळी पुढून बाहेर पडेल. तेल म्हणजे बोटावर चमक, थेंब नव्हे. जोडताना उलट्या क्रमानं या. आधी बोल्ट, म्हणजे काडतुसामागं बंद होणारं दार. ते फोर-एंडच्या पट्ट्यांवर नीट बसलं नाही तर मूठ अडते. अडली की जोर लावू नका, परत काढा. मग बॅरल, शेवटी कॅप, घट्ट.

"आणि स्प्रिंगवर तळहात ठेवा. ती वाट बघत असते," मी म्हटलं.

म्हणेपर्यंत एका गार्डची स्प्रिंग सुटली. छतापाशी जाऊन आली आणि सेठजींनी नुकत्याच मागवलेल्या तर्री-पोह्यांच्या पातेल्यात उतरली. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतायचा लालभडक रस्सा. सेठजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षी उमटली.

"झालं, तेल लागलं तिले!" वासुदेवभाऊ ओरडले.

"थेंब नव्हे, चमक सांगितली होती," साहेब म्हणाले. मग त्यांनी मिशी पुसत सदऱ्याकडं पाहिलं, आणि सेठजींसकट खोली हसून हसून वाकली.

शेवटी वासुदेवभाऊंनी स्वतः आपली बंदूक जोडली. पाहिलं, बोट घातलं, टोपी लागली. मग वाळूकडं तोंड करून चाप ओढला.

टक्.

असला गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

जाताना साहेबांनी सेठजींना सांगितलं, "बंदुका इथंच पाठवतो. पोरगा खालून बघतो. आमच्याकडे सगळे वरून बघतात." सेठजी माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्यापासून वेळेवर ये." ही त्यांची पक्कं झाल्याची पद्धत.

धावत घरी गेलो. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकलं, सूप बाजूला ठेवलं आणि डोळ्याला पदर लावून हसू लागल्या.

"म्हंजे तुले अजून आमची बोली येत नाई, म्हणून सगळे वाचले!"

"तुमचा शेंगदाणा पण होता काकू."

"हो, तो बी होता." मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आता जेवशीन का पोटभर?"

जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

आता दर क्लासला माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: कुणी खाली आहे म्हटलं, की खाली बघा. बोट लावून. इतका साधा धडा आहे, पण तो कळायला मला वर्धा जिल्ह्यात यावं लागलं.

काकूंचं हे देणं कसं फेडायचं ते मी ठरवून ठेवलंय. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आमचं घर उतारावर आहे, अंगणातून पायवाट थेट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जाते. एक दिवस त्यांना तिथं नेईन, आईच्या हातची माशाची कढी वाढीन, आणि मग म्हणेन, "चला काकू, समुद्र खाली आहे." त्या अंगणातच थांबतील, हे मला आत्तापासून माहीत आहे. "खाली हाय?" म्हणतील. "मंग पाणी कुठी गेलं?"

मी त्यांचा हात धरून खाली नेईन. पाहतील, बोट लावतील, मग बोलतील. नेणार म्हणजे नेणार.