विरजणापुरतं

आमच्या ताईंना माणसं अशी कधी दिसतच नाहीत. दिसतात ती एकतर त्यांची हाडं, नाहीतर त्यांच्या घरचं दही. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी जिवाणूंची जनुकं तपासण्यात गेली. जिवाणूंना त्या ‘माये पोट्टे’, म्हणजे माझी पोरं, म्हणतात आणि आमच्या पोरांना ‘नमुने’. एका लग्नात नवरीला हळद लावता लावता त्यांनी तिचं मनगट दाबून पाहिलं आणि “रोज सकाळचं ऊन घेत जाजो बाई, नाई तं हाडं पोकळ होतात,” असा भर मांडवात आशीर्वाद दिला. कुणाच्याही घरी गेल्या की चहा नको, पोहे नकोत, फक्त चमचाभर दही. तेही तोंडात नाही, पर्समधल्या बाटलीत जातं. आमच्या गल्लीतल्या बायका ताई दिसल्या की दह्याची वाटी आधीच बाहेर आणतात आणि जपून पावलं टाकतात, कारण चालताना गुडघा वाजला तर तासभर सुटका नसते.

हाडांचं खूळ नंतरचं. सासूबाई आंजी गावच्या घरी ओसरीवर पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुन्हा उठल्याच नाहीत. तेव्हापासून ताईंनी आपल्या पोट्ट्यांना हाडांच्या कामाला जुंपलं. शिकत असताना हौसेनं जपून ठेवलेला आईच्या दह्यातला एक जिवाणू त्यांनी पुन्हा बाहेर काढला, आणि त्यातच ते जनुक सापडलं! खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ते मदत करतं, असा ताईंचा कयास. त्या दिवशी त्या फोनवर इतक्या जोरात बोलत होत्या की मी फोन ओट्यावर ठेवून भाजी चिरली, तरी सगळं ऐकू आलं.

आणि यंदा भर मे महिन्यात, सुट्टीत, प्रयोगशाळेतला फ्रीझर बंद पडला. तो जिवाणू मेला. अडीअडचणीला म्हणून ठेवलेली त्याची दुसरी कुपीही मेली, कारण ती ताईंनी त्याच फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. जनुकाची सगळी माहिती कागदावर होती, पण जिवंत जिवाणूशिवाय काम पुढे सरकेना, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. घरचं विरजण तर कधीच मोडलं होतं. सासूबाई असेपर्यंत दह्याला कुणी हात लावला की स्वयंपाकघरातून हाक यायची, “इरजनापुरतं ठेवजो वं!” त्या गेल्या, सुतकात कुणी दूध विरजलं नाही, आणि ते दही संपलं. ताई आमच्याकडे येऊन नुसत्या बसून राहिल्या. माझ्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

पोळ्या लाटता लाटता मी सहज म्हणाले, “समुद्रपूरच्या मावशी आईंकडूनच विरजण घेऊन गेल्या होत्या ना?”

ताई ताडकन उठल्या. एक चप्पल स्वतःची, एक माझी घालून निघाल्या, मागोमाग मी. एसटीत खिडकीशी बसून साऱ्या वाटेनं त्या म्हणत होत्या, “मोडलं नसन ना, वहिनी?”

पोचलो तेव्हा मावशी देवापाशी दिवा लावत होत्या. विरजण शाबूत होतं, पण त्यांनी सरळ हात झटकले. “दिवे लागल्यावर इरजन देत नाई मी. तुही माय बी देत नोती. सकायी नेजो.”

मला वाटलं, आता ताई जिवाणूंवर व्याख्यान देणार. मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडणारी ही बाई मुकाट्यानं म्हणाली, “हो, आई नाईच देत होती,” आणि मावशीजवळ झोपली. सकाळी बाटली ओढणीत गुंडाळून, पोटाशी धरून आणली.

पुढं तपासणी झाली. तोच जिवाणू, तेच जनुक. ताईंचा फोन आला तेव्हा मी पुन्हा भाजी चिरत होते. या वेळी सुरी ठेवून दोघी मिळून रडलो.

आता ते विरजण माझ्याकडेही आहे. परवा ताई आल्या आणि प्रथमच बाटली न काढता दह्याचं पातेलं पुढ्यात ओढून जेवायला बसल्या. खाता खाता म्हणाल्या, “आई आम्हाले वाढे अन् स्वतः पातेल्याले लागलेलं बोटानं पुसून खाये. जिचं दही तिलेच पुरलं नाई, वहिनी.”

मग पुन्हा वाढून घेतलं, आणखी घेतलं. तळाशी चमचाभर राहिलं तेव्हा त्यांचा हात थांबला. स्वयंपाकघराकडे त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.