नातीच्या गावाची माहिती

माझ्या मुलाचा घटस्फोट झाला तेव्हा नात चार वर्षांची होती. सून जर्मन, दुबईत नोकरीला आलेली. दोघंही कामावर जायची, त्यामुळे नात अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळच वाढली. मराठी बोलायची, वरणभात खायची, बाहेर निघालो की "यल्ला, आजी!" म्हणत स्वतःच चपला घालायची. मग सून तिला घेऊन आपल्या माहेरी, एका लहानशा गावात परत गेली. मुलाने कागदांवर निमूट सह्या केल्या.

ते गाव मी नकाशावर शोधून काढलं. दोन टेकड्यांच्या मधे, ओढ्याकाठी. गावाची वेबसाइट होती. जर्मन मजकुराचं भाषांतर मोबाइल करून द्यायचा. दुपारी ओटा आवरला की मी वाचत बसायचे. ओढ्यावर पूर्वी पाणचक्की होती. कुठल्याशा जुन्या लढाईत सैन्याने गाव जाळलं, चर्चचा मनोरा तेवढा उरला. आपल्याकडच्या सरपंचासारखा तिथे एक प्रमुख आहे, पण त्याला पगार नाही. दिवसा सुतारकाम करतो, संध्याकाळी गावाचं बघतो. मुलं कमी म्हणून शाळा बंद झाली, आता ती बसने शेजारच्या गावी जातात. ते वाचून मी मुलाला विचारलं, "अरे, बसमध्ये तिच्या शेजारी कोण बसत असेल?"

लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला, "आई, प्लीज."

दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. पहिलं वर्षभर ती मराठीत बोलली. पुढे "आजी" एवढंच उरलं. तिसऱ्या वर्षी ती जर्मनमध्येच बोलू लागली, आणि सून मला इंग्रजीत सांगू लागली.

एका रविवारी मी विचारलं, "ओढ्यावरचा नवा पूल झाला का गं?"

नात आईकडे बघायला लागली. सून चकित झाली. "तुम्हाला पुलाचं कसं कळलं?"

"पंचायतीच्या बैठकीत ठराव झाला ना. खर्चावरून दोघांनी विरोध केला होता. सगळं वाचलंय मी."

सुनेने क्षणभर तोंडावर हात ठेवला. मग तिने नातीला काहीतरी समजावलं. नातीने माझ्याकडे नीट, निरखून बघितलं, आईला एक प्रश्न विचारला आणि खेळायला पळाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही," सून म्हणाली. मी पुन्हा विचारलं.

"विचारत होती, ह्या बाई पूर्वी आपल्या गावात राहायच्या का?"

"तिला सांग, नाही," मी म्हटलं, आणि फोन मुलाच्या हातात दिला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

आता कॉल महिन्यातून एकदा होतो, मुलाच्या फोनवर. मी स्वयंपाकघरात असते. त्याने हाक मारली तर जाते.