बॉनला जाऊन त्याच दिवशी परत

जर्मनीत इंगोलश्टाटला मुलाकडे तीन महिने राहायला गेले होते. मुलगी आणि जावई बॉनला. मुलाने नकाशा दाखवला, त्यात दोन्ही गावांच्या मध्ये माझी वीतसुद्धा बसली नाही.

"म्युनिकहून विमानात बसलीस की तासाभरात तिकडे," तो म्हणाला. "चार दिवस राहून ये."

"तासाभराचंच आहे तर राहायचं कशाला? संध्याकाळी परत येते."

तो समजला. मुलीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. माझ्या आईने माझ्या घरी पाणी घेतलं ते मला मुलगा झाल्यावरच. मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती. मूल नव्हतं. हल्ली कोणी हे पाळत नाही, मलाही दिसतं. मी पाळत होते.

सुनेकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली. पाण्याची बाटली भरली.

"आई, विमानतळावर पाणी आत नेऊ देत नाहीत हं," सून म्हणाली.

"म्हातारीचं पाणी कोण काढून घेतंय?" मी म्हटलं.

तपासणीवरच्या पोरीने काढून घेतलं आणि पिंपात टाकलं. विमानातल्या बाईने पेलाभर पाणी आणि चॉकलेट दिलं. ते संपतंय तोवर विमान खाली उतरायला लागलं. एवढंसं अंतर.

मुलीने सुट्टी काढली होती. घरभर पुरणाचा वास. तिने तीन ताटं वाढली. मी पिशवीतून दशम्यांचा डबा काढून ताटाशेजारी ठेवला. जावई स्वभावाने गमत्या. ते म्हणाले, "आई, विमानात काही दिलं की नाही?"

"दिलं की. पाणी, चॉकलेट."

"ते चाललं तुम्हाला?"

"ते परक्याचं होतं," मी म्हणाले.

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. जावयांनी मान खाली घातली. मी दशमीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, तो घशात अडकला आणि जोराचा ठसका लागला. मुलीने पेला पुढे केला. खोकता खोकता मी तो हाताने बाजूला सारला. कसा सारला, आज सांगतानाही मान वर होत नाही.

ती उठली, बूट घातले, खाली गेली. ठसका थांबला तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो. ती बाटली घेऊन आली.

"दुकानातलं आहे, आमच्या घरचं नाही. झाकण तुझं तू काढ, माझा हात नको लागायला."

माझ्या बोटांत जोर नाही. झाकण फिरेना. शेवटी तिनेच काढून दिलं. तिच्या समोर बसून मी ते पाणी प्याले. पुरणपोळी तशीच राहिली. मागायला तोंड नव्हतं. संध्याकाळी तिने मला विमानतळावर सोडलं, वाकून नमस्कार केला आणि गेली.

भारतात परतायच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, "आठ दिवस येते. तुझ्या हातचं जेवीन."

"आत्ता कशाला?" ती म्हणाली. "अजून काही बातमी नाहीये, आई."

मी फोन सुनेच्या हातात दिला.