ज्याला कळत नाही, त्यानंच टाइप करायचं

कामोठ्यातल्या एका फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत आमचं छोटं मासिक तयार होतं. कॉम्प्युटरची हौस असणाऱ्या लोकांसाठी, मराठीत. निवृत्तीनंतर आमच्या संपादक सरांनी हा उद्योग मागे लावून घेतला. मी भंडाऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवरा जासईच्या कंटेनर यार्डात लागला म्हणून इकडे आले, आणि सरांकडे अंकांना पिना मारायला जाऊ लागले.

प्रत्येक अंकात एक प्रोग्राम असतो. वाचकानं तो बघून घरी टाइप करायचा. सरांचा नियम असा, की छापखान्यात जाण्याआधी कच्च्या पानावरून तो आमच्याकडं एकदा टाइप व्हायचा, आणि तोही त्यातलं काही न कळणाऱ्या माणसाकडून. "जाणकार चुकीचं वाचतच नाही हो, मनातल्या मनात बरोबर करून घेतो," ते म्हणायचे. "ताई, इंग्रजी अक्षरं ओळखता ना? मग हे काम तुमचंच."

ज्या अडाणीपणाची गावी लाज वाटायची, त्याचाच मला इथे पगार मिळू लागला. सरांचे उपकार मी अजून विसरले नाही. पण भीतीही तेव्हापासूनचीच. उद्या आपल्याला कळू लागलं तर?

आणि तसंच झालं. एकदा पान टाइप करून मी बटण दाबलं. प्रोग्राम झकास चालला. सर पळस्प्याच्या छापखान्यात फोन लावणार, तेवढ्यात मी कागद पडद्याशी ताडून बघितला. पडद्यावर एक ओळ जास्त होती. आकडा एकानं वाढवणारी. पान लावताना, म्हणजे मजकूर पानावर बसवताना, ती तळाशी कापली गेली होती, कागदावर नव्हतीच. दर वेळी तिथे अशी ओळ येते, म्हणून माझ्या बोटांनी ती आपोआप घातली. कागदाप्रमाणे केलं असतं, तर आकडा वाढलाच नसता आणि वाचकाचा कॉम्प्युटर त्याच जागी गरगरत राहिला असता.

गप्प बसले असते तर ते पान तसंच छापून गेलं असतं. सांगावं, तर माझं काम संपलं. न कळणारी बाई म्हणून ठेवलेली मी, आता कशासाठी ठेवतील? नवऱ्याचं काम तसंही आज आहे, उद्या नाही.

"सर, फोन नका करू. ही ओळ मी मनानं घातली."

सरांनी कागद बघितला, पडदा बघितला.

"म्हणजे तुम्ही बाद," ते म्हणाले. मी पिशवी उचलायला वाकले. "अहो, कुठे निघालात? टाइप करण्यातून बाद. आता पानं तुम्ही लावायची. माझ्या हातून कापल्या जातात या ओळी."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट भीती जास्तच वाढली. आता चूक झाली, तर ती माझी.

टाइप करायला सरांनी घरमालकीण मावशींना बोलावलं. त्या मूळ कामोठे गावातल्या. मी लावलेलं पहिलं पान घेऊन बसल्या. "काय गो ही अक्षरां, मुंग्यांची रांगच हाय. मना नाय समजत."

"म्हणूनच तर बोलावलं," सर म्हणाले.

मध्येच त्या अडल्या. "पोरी, हितं काय?" सांगायची बंदी होती. मी ओठ दाबून भिंतीला टेकले. बटण दाबल्यावर पडद्यावर लाल अक्षरं आली. सरांनी पेन्सिल कागदावरून खाली खाली नेली आणि एका ओळीवर थांबवली. माझीच चूक. दोन ओळींची मी अदलाबदल केली होती.

"सापडली!" सर केवढ्यानं ओरडले. "छापायच्या आधी सापडली! ताई, पान परत लावा."

"म्हंजे मी परत पयल्यापासून?" मावशींनी चष्मा काढला. "नाय बा. आधी चा टाक, पोरी."

मी चहा टाकायला गेले. जाताना ते चुकलेलं पान सोबत घेतलं.