येसूच्या गडव्यातला कापूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, हा माणूस, आणि न सांगितलेलं काही? — बरोबर आहे तुमचं. कळंबपासून यवतमाळपर्यंतच्या रस्त्यावर असं एकही कडुनिंबाचं झाड नाही, ज्याच्या सावलीत बसून मी थाप मारली नाही. माझा पांढरा बैल मैलाचे दगड वाचायचा आणि यवतमाळ दोन मैलांवर आलं की ऐटीत मान वर करायचा, हे मी सांगितलंय. आमच्या विहिरीत हाक मारली तर उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, हेही सांगितलंय. जे घडलं नाही ते सगळं सांगून झालं. घडलेलं तेवढं एक राहिलं.

कापसाची बंडी भरताना पाहिलीय तुम्ही? आमच्याकडे वेचलेला कापूस घरातच रचतात. खोली आढ्यापर्यंत भरते. मग एक दिवस बैलगाडीला, म्हणजे आमच्या बंडीला, चहूबाजूंनी बांबूचे उंच तट्टे बांधायचे, वरून कापूस ओतायचा आणि गल्लीतली पोरं आत सोडायची — नाचा! दहा-बारा पोरं नाचून नाचून तो तुडवतात. आख्खी खोली एका बंडीत बसते. थोडं वाढवून सांगतोय म्हणा — पण फार नाही.

पोरं घामाघूम होऊन खाली उतरायची, रिकामी खोली पाहायची आणि विचारायची, "कापूस कुठी गेला?" मी म्हणायचो, "बंडीनं खाल्ला! बैल कडबा खाते, बंडी कापूस खाते. उगीच चालते काय सात कोस?"

काय थाप होती महाराजा! पाच-सहा वर्षांची पोरं चाकाला कान लावून बंडीचं पोट गुरगुरताना ऐकायची. ऐकूही यायचं त्यांना! त्या वयाचं पोर डोळ्यांनी मोजतं. पसरलं की पुष्कळ, दबलं की थोडं. ढीग खाली बसला, म्हणजे कापूस कमी झाला. आता त्यात त्यांची काय चूक? गेलेल्या कापसाचा मी फक्त पत्ता सांगायचो.

आणे जाऊन नवे पैसे निघाले त्या हंगामात माझी येसू पाच वर्षांची होत होती. पहिल्यांदाच तिला बंडीत नाचायला सोडलं. उतरली. खोली पाहिली. बंडीखाली वाकून पाहिलं. मी माझी थाप सांगितली, तिनं ती नीट ऐकून घेतली — आणि साऱ्यांसमोर विचारलं, "बैल खाते त शेण टाकते. बंडी काहून नाही टाकत, बाबा?"

गल्ली हसली. माझ्यावर हसली! शाळेचे गुरुजी आमच्या ओसरीवर चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

ती तेवढ्यावर थांबली नाही. घरातून आईचा पितळी गडवा आणला, पाणी प्यायचा. ओटीभर कापूस घेतला आणि मुठीनं आत कोंबला. ओटी रिकामी. मग बोटांनी ओढून काढला, पिंजला — ओटी पुन्हा भरली. म्हणाली, "कुठीच नाही गेला. दबून बसला व्हता."

कुणी शिकवलं होतं तिला? मी तर उलटंच शिकवत होतो. अजून झग्याची बटणं वरखाली लावणारी पोर, आणि डोळे काय सांगतात ते बाजूला सारून हातानं खरं काय ते शोधून काढते! माझी छाती अशी फुगली की तिलाही तट्टे बांधावे लागले असते. आजही फुगते.

गुरुजी म्हणाले, "हरले न भाऊ! बोटभर पोरीनं हरवलं तुमाले. येसू, पुन्हा दाखव बेटा. साऱ्या पोराईले दाखव."

हरले. तो शब्द — पण शब्दाला काय दोष द्यायचा?

पोरं गोल करून बसली. येसूनं गडवा भरला. मी म्हणालो, "आण इकडे, पाहू दे मले." आणि पाहता पाहता मूठभर कापूस सदऱ्याच्या बाहीत सरकवला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं फिरवून सौदे करणारा हात तो. कुणाला दिसणार?

तिनं कापूस काढला, पिंजला. ओटी भरेना.

गडव्यात हात घातला, पार तळापर्यंत. उलटा करून आपटला. कापूस पुन्हा पिंजला, अगदी हळू. मी म्हणालो, "पाह्य! गडवाही खाते!" पोरं खिदळली. गुरुजीही हसले. मी जिंकलो. ती रडली नाही. रडली असती तर — नाही, राहू द्या. तिनं गडवा उचलला आणि कानाला लावला.

त्यानंतर ती रोज बंडीच्या चाकापाशी चिमूटभर कापूस ठेवायची. बंडीला भूक लागते ना. आणि कुणी काही विचारलं — चंद्र आपल्या मागं मागं काहून येतो — तर पूर्वी फाडकन काहीतरी बोलायची, आता आधी माझ्या तोंडाकडे पाहायची. बायको म्हणाली, "पोरगी गपगार झाली." मी म्हणालो, "शहाणी झाली." एक वाक्य पुरलं असतं. पुढच्या चार वर्षांत मी हजार थापा मारल्या असतील, ते एक वाक्य बोललो नाही. कशाची भीती होती? आख्खा तालुका ज्याला लबाड म्हणून मानानं हाक मारतो, त्याला लबाड ठरण्याची?

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी येसू तिसरीत होती. दुपारी शेतातून आलो तर कापसाच्या खोलीचं दार आतून लावलेलं. फटीतून पाहिलं. एकटी बसली होती, पुढ्यात तो गडवा. कोंबला, काढला, पिंजला. ओटी भरली. पुन्हा केलं. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा केलंच नाही. भरल्या ओटीवर हात ठेवून दाराकडे पाहत बसली.

कापूस कमी होत नाही, हे तिला पाचव्या वर्षीच कळलं होतं. नवव्या वर्षी कळलं की बाबा जवळ नसले की कमी होत नाही. तेही तिचं तिनंच शोधलं. कडी लावून! सांगा, अशी पोर आहे कुणाची?

बाहेर आली. मला दारातच पाहिलं. "बाबा, पाणी आणू?" म्हणाली, आणि त्याच गडव्यातून आणून दिलं. मी प्यालो.

आठवड्यानं बंडी भरली. नवी लहान पोरं नाचून उतरली आणि विचारू लागली, कापूस कुठी गेला. सगळे माझ्याकडे पाहत होते. येसूही. मी म्हणालो, बंडीनं खाल्ला. माझ्या तोंडाकडे त्यानंतर तिनं कधी पाहिलं नाही. विचारलं की सरळ उत्तर द्यायची, पूर्वीसारखं.

गडव्यानं काही खाल्लं नव्हतं. मूठ मी काढली होती.